आमवात म्हणण्यापूर्वी

पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि दिंडोरीचा पश्चिम भाग या पट्ट्यात ज्या वैद्यबंधूंचे दवाखाने आहेत, त्यांना पुढील रुग्ण अपरिचित वाटणार नाही. वय आठ-दहापासून पंचविशीपर्यंत कितीही. चेहरा निस्तेज, नेत्र पीतवर्ण, अंग कृश. हाडांत आणि सांध्यांत असह्य ठणका, मधूनमधून ज्वर, भूक मंद. थंडी पडली, पावसात भिजणे झाले किंवा श्रम अधिक झाले की दुखणे उसळते आणि आठ दिवसांनी आपोआप ओसरते. आपण नाडी पाहतो, जिभेवरील साम लेप पाहतो आणि केसपेपरवर ‘आमवात’ असे लिहून मोकळे होतो. डोळ्यांचा पिवळेपणा अधिक असेल तर ‘कामला’, निस्तेजता अधिक असेल तर ‘पांडू’. या तीन शब्दांपलीकडे आपली लेखणी सहसा जात नाही. या तीन शब्दांच्या आड सिकलसेल हा बीजदोषज व्याधी किती वेळा लपून राहिला असेल, याचा विचार करावा एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेवर कामास आलेले कुटुंब पंधरा वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. निफाडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि ही मंडळी बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपडीत राहत होती. मुलाचे दोन्ही गुडघे व मांड्या ठणकत होत्या, अंगात बारीक ज्वर होता. आम्ही शास्त्राप्रमाणे आमवाताची चिकित्सा दिली. लंघन, वालुकास्वेद, रात्री एरंडस्नेह. तिसऱ्या दिवशी मुलास श्वास लागला, छातीत कळ येऊ लागली. शासकीय रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा सिकलसेलचे निदान झाले. फुप्फुसातील वाहिन्या अवरुद्ध होऊन जी प्राणघातक अवस्था येते, ती त्यास आली होती. प्राणवायू आणि रक्त वेळेवर मिळाले म्हणून मूल वाचले. पहिल्याच भेटीत त्याच्या वडिलांनी सांगितले होते की थोरला मुलगा ‘काविळीने गेला’. आम्ही ते ऐकले होते, आणि पुढे एक प्रश्नही विचारला नव्हता.

लंघन, रूक्ष स्वेद आणि विरेचन हा आमवाताच्या चिकित्सेचा पाया होय, आणि आमवात खरोखर असेल तर तो पाया भक्कम आहे. परंतु हे तीनही उपक्रम शरीरातील जलांश कमी करणारे आहेत, आणि सिकलसेलच्या रुग्णास जलक्षय म्हणजे संकटाचे आमंत्रण. असे का, हे समजण्यासाठी रक्तपेशींकडे थोडे वळावे लागेल.

शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींचे प्रथम वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले, आणि पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी बीटा साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते हा नेमका भेद शोधून काढला. एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन दोरीसारखे एकमेकांस चिकटते आणि गोल, लवचीक पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. पेशीतील पाणी घटले, शीत लागले, ज्वर आला, प्राणवायू कमी पडला की हे चिकटणे वेगाने होते. निरोगी रक्तकण सुमारे १२० दिवस जगतो. विळ्याचा कण १० ते २० दिवसांत फुटतो. नेत्रांचा पिवळेपणा येतो तो या फुटण्यातून. तेथे यकृताचा दोष असतोच असे नाही.

मात्र रक्त कमी होणे हा या व्याधीचा अर्धाच भाग आहे. रुग्णास पंगू करतो आणि मारतो तो दुसरा अर्धा भाग, म्हणजे वाहिन्यांचा ऱ्हास. ताठ पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन वाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. वाहिनीचे अंतःस्तर सुजते, जाड होते, मार्ग अरुंद होत जातो. स्रोतोदुष्टीच्या चार प्रकारांत आपल्या आचार्यांनी ‘संग’ सांगितला आहे. त्या शब्दाचा इतका शब्दशः प्रत्यय देणारा दुसरा व्याधी आम्ही पाहिलेला नाही. येथे आमवातातील आमाप्रमाणे लंघनाने पचणारे काही नाही. अडसर रक्तकणाचाच आहे, आणि तो जन्मतः आहे. सुश्रुतांनी आदिबलप्रवृत्त व्याधींचे मातृज व पितृज असे दोन भेद केले. सिकलसेल हा एकाच वेळी मातृजही आणि पितृजही आहे. दोघांकडून दोष आला तरच तो पूर्णरूपाने प्रकट होतो. एकाकडूनच आला तर ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि बहुधा आयुष्यभर निरोगी राहते.

महाराष्ट्रात हा व्याधी नवा नाही. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. त्यानंतर पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी हयातभर पाडोपाडी फिरून रक्त तपासले. पद्मश्री त्यांना २०१९ साली मिळाली. कामाला प्रारंभ त्याआधी काही दशके झाला होता. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान या समाजांत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ असल्याचे त्यांनी दाखविले. विदर्भात तो आदिवासींपुरता मर्यादित नसून अन्य समाजांतही आहे. आपल्या जिल्ह्यातील कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांत प्रमाण त्या मानाने कमी असले तरी शेजारच्या नंदुरबारमध्ये ते मोठे आहे, आणि मजुरीसाठी तालुके व जिल्हे ओलांडणारी कुटुंबे सर्वत्र पोहोचतात. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षकाढणीपर्यंत दिंडोरी-निफाडच्या बागांत डोंगरपट्ट्यातील माणसे असतात. त्यामुळे ‘आमच्या गावात आदिवासी वस्ती नाही’ हे उत्तर बागायती भागातील वैद्यासही देता येणार नाही.

आता या वाहिनीदोषाची जी गंभीर रूपे आपल्या दारात येतात, त्यांकडे वळू.

सर्वांत भयंकर रूप म्हणजे बालकाचा पक्षाघात. मस्तिष्काकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या, विशेषतः अंतर्ग्रीवा धमनी व मध्य मस्तिष्क धमनी, हळूहळू अरुंद होतात आणि एके दिवशी मूल शाळेतून लंगडत येते, हातातील पेला सांडते, बोलणे अडखळते. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत या व्याधीच्या पूर्णरूपातील शेकडा ११ रुग्णांना वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी स्ट्रोक आल्याचे आढळले. त्याहून अधिक मुलांच्या मेंदूत बाहेर न दिसणारे छोटे आघात होतात. अभ्यासात मागे पडणे एवढेच त्याचे लक्षण. आश्रमशाळेतील शिक्षक ज्यास मठ्ठ म्हणतात त्या मुलाचे रक्त तपासले आहे का, हे आपण कधी विचारीत नाही. आपल्या भागातील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा अधिक राहते आणि त्यामुळे व्याधी काहीसा सौम्य असतो असे पूर्वीपासून म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे असले तरी विदर्भातील अनुभव सांगतो की त्यावर विसंबून राहू नये.

पक्षाघात म्हणताच आपल्या हातात नस्य, अभ्यंग, बस्ती येतात. जुन्या पक्षाघातात त्यांचे स्थान आहे आणि ते आम्ही कोणास सोडावयास सांगणार नाही. परंतु पहिल्या काही तासांत या मुलास हवे असते ते रक्त. दूषित पेशी काढून निरोगी पेशी घालणे. उपचाराविना राहिलेल्या मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना पुढील काही वर्षांत पुन्हा आघात होतो. उलट तो आधीच ओळखता येतो. कानशिलावरून डॉप्लर यंत्राने मेंदूतील रक्ताचा वेग मोजतात. सेकंदास २०० सेंटिमीटर वा त्याहून अधिक वेग आढळलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्याने पहिला स्ट्रोक येण्याचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक घटले, हे १९९८ मध्ये १३० मुलांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. वर्षभर रक्त दिल्यानंतर, वाहिन्या फार बिघडलेल्या नसतील तर, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर आणता येते, हे २०१६ च्या अभ्यासाने दाखविले. याला तोड ठरेल असे आपल्या भांडारात आज काहीही नाही, आणि तसे म्हणण्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा आम्हांस दिसत नाही.

छातीचे जे रूप आम्ही वर सांगितले ते प्रौढ रुग्णांत मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. ज्वर, कास, पार्श्वशूल, श्वास ही लक्षणे एकत्र आली की आपण कासश्वास किंवा न्यूमोनिया म्हणतो. सिकलसेलच्या रुग्णात ती दिसली तर काढा देत बसण्याची ही वेळ नव्हे. लहान मुलांत प्लीहेत रक्त अकस्मात साचते. पोटाच्या डाव्या बाजूस गोळा फुगतो, मूल पांढरेफटक पडते आणि काही तासांत दगावू शकते. जमैकामध्ये डॉ. सर्जंट यांच्या चमूने मातांना रोज बाळाची प्लीहा चाचपडून पाहण्यास शिकविले आणि त्यामुळे मृत्यू घटले. कोणतेही यंत्र नाही, औषध नाही, आईचा हात. हे शिकविण्याची पात्रता आपल्यापैकी प्रत्येकात आहे.

मग अस्थी. ऊर्वस्थीच्या शिरास रक्त पुरविणारी वाहिनी बंद पडून ते शिर मृत होते. तरुण रुग्ण जांघेत दुखते, मांडी घालून बसता येत नाही, लंगडत चालतो अशी तक्रार घेऊन येतो. एक्स-रे सुरुवातीस स्वच्छ असतो. आपण गृध्रसी किंवा कटिगत वात म्हणून महिनोन्महिने कटिबस्ती करतो, पिंडस्वेद करतो, तोवर शिर बसून जाते आणि विशीतला मुलगा कायमचा अधू होतो. विशीत लंगडणारा, पिवळसर डोळ्यांचा रुग्ण आला की एम. आर. आय. आणि अस्थितज्ज्ञ हा पहिला विचार असावा.

आणखी एक रूप लज्जेमुळे दडपले जाते. सिकलसेलच्या मुलांत व तरुणांत वेदनायुक्त शिश्नोत्थान तासन्तास टिकते. असा तरुण मोठ्या रुग्णालयात जावयास लाजतो आणि आपल्याकडे, किंवा भिंतीवर जाहिरात रंगविणाऱ्या कुणाकडे, येतो. चार तासांपेक्षा अधिक वेळ गेला तर कायमची नपुंसकता येऊ शकते. अशा वेळी त्यास शीतवीर्य चूर्णाची पुडी देऊन घरी पाठविणे हा अपराध होय. नेत्रपटल, वृक्क, घोट्याजवळचे न भरणारे व्रण यांविषयी स्वतंत्र लेख व्हावा इतके आहे; येथे केवळ नामोल्लेख करतो.

आता आपल्या उपक्रमांविषयी थोडे सडेतोड लिहावे लागेल. पांडूच्या चिकित्सेत चरकांनी स्नेहनोत्तर तीक्ष्ण शोधन सांगितले आणि कामलेत मृदू विरेचन. हे वचन ज्यास पाठ आहे असा निष्ठावान वैद्यच या रुग्णाचे अधिक नुकसान करण्याचा संभव आहे, ही या प्रकरणातील खेदाची गोष्ट. पिवळे डोळे पाहिले की कुटकी, त्रिवृत्, आरग्वध हाती येतात. चार-सहा वेग होतात. शरीर कोरडे पडते. आणि दुसऱ्या दिवशी हाडे ठणकू लागली की आपण म्हणतो, वात प्रकुपित झाला. वमनाचेही तेच. रक्तमोक्षणाचा तर प्रश्नच नसावा. सुश्रुतांनी क्षीण व पांडुरोगी यांना त्यास अयोग्यच मानले आहे. बल पाहिल्याविना शोधन करू नये हे शास्त्रानेच सांगितले. दोष शास्त्राचा नव्हे, निदान न करता सूत्र लावणाऱ्या हाताचा.

लोहकल्पांचे तसेच. नवायस लोह, धात्री लोह, पुनर्नवा मंडूर ही पांडूवरील आपली आवडती औषधे. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते कण लवकर फुटतात म्हणून, लोह कमी आहे म्हणून नव्हे. ज्यांना वारंवार रक्त दिले जाते त्यांच्या यकृतात व हृदयात लोह साचत जाते, आणि त्यावर आपण आणखी लोह घालतो. महायोगराज गुग्गुळातही लोह, मंडूर आणि नागभस्म असते हे लिहिताना आठवत नाही. आपल्या भागातील दरिद्री घरच्या काही मुलांत खरोखर लोहाची उणीवही असते. म्हणून लोह वर्ज्य असा नियम न करता फेरिटिन तपासावे आणि मगच ठरवावे. ही तपासणी आज नाशिकच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते.

औषधी दुकानदार बंधूंनाही येथे जोडून घेतो, कारण डोंगरपट्ट्यातील पुष्कळ रुग्ण वैद्यापर्यंत न येता थेट दुकानाच्या फळीशी येतात. अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने देणे या रुग्णाच्या आधीच दुबळ्या झालेल्या वृक्कास घातक आहे. रक्तवाढीच्या बाटल्यांविषयी वर लिहिलेच. परंतु अधिक गंभीर बाब निराळी. बाजारात ‘सांधेदुखीवर हमखास आयुर्वेदिक’ म्हणून निनावी पुड्या आणि गोळ्या फिरतात. दोन दिवसांत आराम पडतो आणि त्यामागे बहुधा स्टिरॉइड असते. सिकलसेलच्या रुग्णात स्टिरॉइड थांबताच ठणका दुप्पट होऊन परततो, आणि अस्थिशिर मृत होण्याचा धोका वाढतो. ज्या पुडीवर निर्मात्याचा परवाना क्रमांक नाही ती दुकानात ठेवूच नये. नफा चार पैशांचा, आणि दोष आपल्या सर्वांच्या माथी.

हायड्रॉक्सियुरियाविषयी गैरसमज फार आहेत. ‘ते कॅन्सरचे औषध आहे, ते कशाला घेता’ असे म्हणून रुग्णाचे औषध बंद करविणारे महाभाग आपल्यातही आहेत. १९९५ मध्ये २९९ प्रौढ रुग्णांवरील अभ्यासात या औषधाने वेदनेचे झटके जवळपास निम्म्याने घटले, छातीचे उपद्रवही तसेच घटले. हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते, आणि ते हिमोग्लोबिन दूषित रेणूंना चिकटू देत नाही. नियमित रक्ततपासणी हवी, गर्भधारणेचा विचार असेल तर आधी तज्ज्ञाचा सल्ला हवा, हे खरे. परंतु ते मध्येच बंद करण्याचा सल्ला देण्याचा अधिकार आपणास नाही. दुकानदारांनी एवढे केले तरी पुरे की ज्याच्या नावे हे औषध चालू आहे त्यास पुढच्या महिन्याचे मिळेल याची काळजी घ्यावी. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. प्रत्येकाची किंमत वीस लाख डॉलरहून अधिक. सुरगाण्याच्या मुलासाठी आज जे आहे ते ही कॅप्सूल, लसीकरण, फॉलिक आम्ल आणि रक्तपेढी.

काही ज्येष्ठ सभासद म्हणतील, आणि खासगीत म्हणालेही आहेत, की असे असेल तर आपण केवळ चिठ्ठी लिहून रुग्ण पुढे पाठविणारे कारकून झालो. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. पाड्यावरील माणूस आपल्याकडे येतो तो आपण त्याच्या बोलीत बोलतो, उधारी ठेवतो आणि मध्यरात्री दार उघडतो म्हणून. आधुनिक डॉक्टरांनीही हे रुग्ण आमवाताचा ज्वर, टायफॉइड, कावीळ म्हणून वर्षानुवर्षे हुकविले आहेत. निदानाची चूक ही आपली एकट्याची मक्तेदारी नाही. परंतु व्याधीचे नाव सांगता आले नाही तरी वैद्याने लाजू नये, असे चरकांनी सांगितले आहे ते हेतू आणि अधिष्ठान शोधण्यापासून सूट देण्यासाठी नव्हे. आणि झटका ओसरल्यानंतर उरलेली वर्षे आपलीच आहेत. अग्निबल राखणे, पेया-मंड-उष्णोदकाने जलांश टिकविणे, शीतापासून रक्षण, झटक्यांच्या मधल्या काळात कोष्ण तैलाचा मृदू अभ्यंग, श्रमविश्रांतीचा मेळ, मनास धीर. पथ्याचे हे सारे दालन रुग्णालयाकडे नाही. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहणाऱ्या रुग्णास काय पाळावे हे सांगणारा वैद्य अतिदक्षता विभागाइतकाच आवश्यक आहे. मात्र ‘सिकलसेल मुळापासून बरा’ असा फलक लावण्याचा अधिकार कोणासही नाही. मुळापासून बरा होण्याचे प्रस्थापित साधन आजवर जुळणाऱ्या भावंडाचे अस्थिमज्जारोपण हेच आहे.

शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानास प्रारंभ केला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असा त्याचा संकल्प आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार हा व्याधी दिव्यांगत्वात मोडतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि आदिवासी विकास आयुक्तालय ही दोन्ही कार्यालये आपल्याच शहरात आहेत. असे असता या विषयावर आपल्या पानांत आजवर पुरेसे लिहिले गेले नाही, याचा दोष आम्ही प्रथम स्वतःकडे घेतो.

वाहकांविषयी एक शब्द. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणी संततीस पूर्ण व्याधी होण्याची शक्यता चारांत एक असते. मुलाची पत्रिका पाहून मुहूर्त विचारणारे पालक आपल्याकडे विवाहापूर्वी ‘शक्तीचे औषध’ मागावयास येतात. तेव्हा रक्ततपासणीचा विषय काढणे आपल्यास सहज शक्य आहे. मात्र तो काढताना जपावे. वाहक मुलीचे लग्न मोडल्याच्या कथा कानावर आहेत. वाहक हा रोगी नव्हे, दोघांपैकी एक जण वाहक नसेल तर काळजीचे कारण नाही, हे तितक्याच ठामपणे सांगावे, आणि एका समाजाचा रोग म्हणून त्याचा उच्चार करू नये. या जनुकाचा वाहक मलेरियाच्या घोर रूपापासून बऱ्याच अंशी वाचतो, म्हणूनच ज्या रानांत पिढ्यान्पिढ्या हिवताप होता तेथे तो टिकून राहिला. ज्यांना आज आपण दुबळे म्हणतो त्यांच्या पूर्वजांना त्याने जगविले आहे.

तपासणी सोपी आहे. बोटातील थेंबभर रक्त द्रावणात टाकून केलेली विद्राव्यता चाचणी काही मिनिटांत होते. मिश्रण गढूळ झाले तर दूषित हिमोग्लोबिन आहे. त्यावरून वाहक की पूर्ण रुग्ण हे कळत नाही, आणि सहा महिन्यांखालील बालकात ती फसवी ठरते. म्हणून गढूळ आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. करावीच. संघटनेच्या कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी की पेठ, सुरगाणा, कळवण व त्र्यंबकेश्वर येथील सभासदांच्या दवाखान्यांत ही चाचणी करणाऱ्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा, रक्तपेढीचा आणि रुग्णवाहिकेचा दूरध्वनी क्रमांक असलेला तक्ता भिंतीवर लावावा. त्याखाली पाच प्रश्न मोठ्या अक्षरांत असावेत. भावंड लहानपणी गेले का? तान्हेपणी हातपाय सुजले होते का? डोळे नेहमी पिवळे असतात का? थंडीत हाडे ठणकतात का? पूर्वी कधी रक्त चढविले का? यांपैकी दोहोंस होकार आला तर रक्त तपासल्याविना लंघन, विरेचन आणि लोह देऊ नये. ज्वर १०१ अंशांपुढे गेला, श्वास लागला, हातपाय लुळा पडला किंवा पोटात डावीकडे गोळा आला तर त्याच घटकेस गाडी बोलवावी. तक्त्याचा मसुदा आम्ही सिद्ध केला आहे. तो छापण्यास कार्यकारिणीची अनुमती मिळाल्यास पहिल्या शंभर प्रतींचा खर्च आम्ही उचलू.